साड्यांचं कुंपण

सशानं खाल्लेली मेथी कात्रीनं कापल्यासारखी दिसते. शेळीनं खाल्ली तर ओढलेली, फाटलेली, मुळासकट वर आलेली असते. गायीनं खाल्ली तर वाफाच राहत नाही. ससा मात्र शिस्तीचा. देठ तिरका छाटतो, कोवळा शेंडा खातो आणि पुढच्या रोपाकडं जातो. सकाळी दव पडलेलं असतं. त्यात ते छाटलेले देठ ओळीनं उभे दिसतात, आणि बाजूला वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या.

यंदाही थंडी पडली, मेथीला चौथं पान फुटलं आणि ससे आले. मी रोज उजाडताना जाऊन बघते. खाल्लेलं दिसलं की तोंडानं शिव्या देते आणि मनातून सुटल्यासारखी होते. सुनेला शिव्या तेवढ्या ऐकू येतात. सुटल्यासारखं वाटतं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर कोल्हारच्या अलीकडं, मोठा रस्ता सोडून आत. घरामागं दोन गुंठ्यांचा तुकडा आहे. त्याला दोन बाजूंनी ऊस. ऊस आमचा नाही, पण त्याची पानं आमच्या वाफ्यावर लोळतात आणि त्यात जे काही राहतं ते आमच्याकडं येतं. उंदीर, साप, मुंगूस, ससे. उसात राहणाऱ्याला बांध कुठला कळतो? दिवाळीनंतर ऊस माणसाच्या वर जातो. मग घराच्या मागच्या दारातून बघितलं तर हिरवी भिंत उभी असल्यासारखी वाटते. भिंतीपलीकडं काय आहे ते दिसत नाही. वारा नसताना एखादं पान हललं तर मी भांडी घासायची थांबते.

शहरातल्या लोकांना सशाचं फार कौतुक. माझी पुण्याची नात ससा काढते तो पांढराफेक, लाल डोळ्यांचा. आमचा ससा ढेकळाच्या रंगाचा असतो. मानेवर काळा पट्टा. नांगरलेल्या रानात बसला तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि उठला की आपल्याच छातीत धस्स होतं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना असतात, म्हणजे न वळता मागचंही दिसावं. कान मोठे, म्हणजे लांबचं ऐकू यावं. मागचे पाय लांब, म्हणजे पळता यावं. सगळं अंगच भीतीसाठी घडवलेलं. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. एवढं घाबरून जगायचं तर जगायचं कशाला, असं वाटायचं. आता मलाही तसेच कान आलेत.

त्याला कारण आमचे मालक. त्यांना ऐकू येत नाही. साखर कारखान्यात उसाच्या चरकांपाशी त्यांची सगळी नोकरी गेली. त्या आवाजानं कान नेले. रिटायर होऊन आले तेव्हा हाक मारली की अर्धंमुर्धं ऐकायचे, आता तेही नाही. स्वतः मानतात मात्र उलटं.

"मला समदं ऐकू येतं. तूच तोंडातल्या तोंडात बोलती."

मी बोलते तर गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. त्यामुळं दोघांचं ऐकायचं काम माझ्याकडं आलं. दाराची कडी, गॅसवरचं दूध, रस्त्यावरचा टेम्पो, मागं उसात काय सळसळलं ते. झोपेतसुद्धा मी दोघांचं ऐकते.

हे कान मला आले तो हिवाळा टिप्याचा, बरीच वर्षं झाली त्याला. टिप्या आमचा कुत्रा. तांबडा, एक कान मोडलेला, भाकरीपुढं कसलीही लाज नसलेला. त्याच्या आदल्या वर्षी सशांनी माझा सगळा वाफा खाल्ला होता. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सुगीच्या दिवसांत एका रविवारी प्रत्येक घरातून आपल्या रानातलं, परसातलं काहीतरी नेऊन वेदीपुढं ठेवतात. कुणी ज्वारीचं कणीस, कुणी भोपळा, कुणी अंडी. लग्न होऊन आल्यापासून माझी मेथीची पाटी कधी चुकली नव्हती. त्या वर्षी घरची मेथी नव्हती म्हणून मी बाजारातल्या जुड्या नेल्या. शेजारची मार्था माझ्या मागंच उभी होती. ती वाकून म्हणाली, "शांता, जुडीला बाजारवाल्याचा सुंब हाय गं अजून. तेवढा तरी सोडायचा."

उपासना संपेपर्यंत माझ्या डोक्यात तो सुंबच होता. पाळक काय बोलले ते मला आठवत नाही. पुढच्या वर्षी सशाला एक पान खाऊ द्यायचं नाही, हे मी देवळात बसून ठरवलं. देवळात बसून माणूस काय काय ठरवतं!

दिवाळी झाली आणि मी कामाला लागले. आधी बाभळीचे काटे लावले. ससा काट्यांखालून गेला. मग न्हाव्याकडून केस आणून बांधावर पसरले. रानडुक्कर म्हणे केसांना भितं. ससा भीत नाही. फिनेलमध्ये चिंध्या बुडवून टांगल्या, तर चार दिवस आम्हालाच जेवण जाईना. शेवटी साड्या. आमच्या भागात हा उपाय सगळे करतात. जुन्या साड्या खुंट्यांना ताणून बांधायच्या, खालची कड मातीत दाबायची. वाऱ्यानं कापड हलतं, जनावर बिचकतं. माझ्या चार साड्या पुरल्या नाहीत म्हणून मी घरोघर मागितल्या. मार्थानं एक पिवळी दिली आणि म्हणाली, "घे. माजी साडी बघून ससंच काय, आमचं मालकबी लांब पळत्यात."

सगळ्या बांधून झाल्या तेव्हा गल्लीतल्या बायका हात धरून वाफ्याभोवती उभ्या आहेत असं दिसायचं. उसाच्या बाजूला मात्र कापड कमी पडलं. तिथं मी माझी लग्नातली पांढरी साडी बांधली. सून शोभा हळहळली. "आई, ती तरी ठेवायची." कपाटात ठेवून काय करणार होते? परत लग्न थोडंच करायचं होतं.

तरी ससे येत राहिले. मग मी मालकांना कामाला लावलं. घरात बसून बसून ते माझ्या पायात यायचे. म्हटलं, "पहाटं वाफ्यात जाऊन बसा. टिप्याला संगं न्या. खुरपंही हुईल आणि राखणही हुईल." ते खुशीनं गेले. जाताना छोटा रेडिओ न्यायचे.

"तुम्हाला तर ऐकू येत न्हाई. रेडिओ कुणाला?"

"सशाला," ते म्हणाले. "माणूस हाय म्हनून कळाया नको त्याला?"

मला त्या पहाटा अजून वासासकट आठवतात. ओल्या मातीचा वास, खुरप्याला लागलेल्या मेथीचा कडवट वास, कारखाना सुरू झाल्याचा तो गोडसर, कुजल्यासारखा वास वाऱ्यावर येणारा. धुकं उसाच्या शेंड्यांवर अडकलेलं. आणि त्यातून रेडिओवरचा कुणीतरी बाजारभाव सांगतोय, भजन म्हणतोय. स्वयंपाकघरात मला तो आवाज यायचा. आवाज येतोय म्हणजे मालक तिथं आहेत. मी निवांत चहा टाकायची.

आणि एके दिवशी मेथी खाल्लेली नव्हती. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी चारी बाजूंनी फिरून बघितलं. एक लेंडी नाही, एक छाटलेला देठ नाही. पानं दवानं भरलेली, गुबगुबीत. मला इतका आनंद झाला की मी मार्थाला बोलावून दाखवलं.

"लागली का न्हाई साड्यांची मात्रा?"

मार्थानं कमरेवर हात ठेवून सगळं बघितलं. "तुजी लग्नातली साडी बघून सशाला दया आली आसंल."

ती हसली, मी हसले. ससा का येत नाही, याचा विचार दोघींपैकी एकीनंही केला नाही. माझ्या हुशारीमुळं येत नाही, एवढंच मला पुरलं होतं.

चौथ्या दिवशी टिप्या वाफ्याकडं जायला तयार होईना. मागच्या दारात पाय रोवून बसला. साखळी ओढली तर गळ्यातला पट्टा कानांवर आला, तरी हलेना. मला वाटलं, थंडीचा आळस. मी त्याच्या पाठीत एक चपराक दिली आणि फरफटत नेऊन उसाकडच्या खुंटीला बांधला. त्यानं मातीत ओढलेल्या चार नखांच्या रेघा वाफ्यापर्यंत गेल्या होत्या. त्या मी नंतर बघितल्या. खरं तर मला सगळं सांगितलं जात होतं. सशांनी सांगितलं, कुत्र्यानं सांगितलं. टिटवी दोन दिवस उसावर ओरडत फिरत होती, तिनंही सांगितलं. पण माझ्या कानात मार्थाचा सुंब होता.

मी परत आले, चहा ठेवला. तेवढ्यात टिप्या भुंकला. एकदाच. मी मनात म्हटलं, चला, ससा आला आणि कुत्रं कामाला लागलं. मग चहात आलं किसलं. रेडिओचा आवाज येत नव्हता. वारा उलटा असेल असं वाटलं.

पेला फडक्यात धरून मी गेले तेव्हा नुकतं दिसायला लागलं होतं. मालक वाफ्याच्या अलीकडच्या टोकाला उकिडवे बसून खुरपत होते. उसाकडं पाठ. शेजारी रेडिओ. त्याचे सेल संपले होते, पण त्यांना ते कसं कळणार? ते आपले गप्प पडलेला रेडिओ लावून सशांना घाबरवत होते. पलीकडं खुंटी होती. साखळी होती. साखळीला पट्टा होता. टिप्या नव्हता.

उसाकडची पांढरी साडी जमिनीवर पडली होती. तिच्यावर चिखलाचा पंजा उमटला होता, माझ्या तळहातापेक्षा मोठा, गोल, नखं नसलेला. मी साडीपासून मेथीकडं बघितलं. पंजे खुंटीपाशी थांबले नव्हते. ते वाफ्यात आले होते, माझ्या गुबगुबीत मेथीवरून, सरळ मालकांच्या पाठीकडं. एका जागी दोन पुढचे पंजे शेजारी शेजारी उमटले होते, बाकीच्यांपेक्षा खोल. तिथं तो थांबला होता. तिथून वळून कुत्र्याकडं गेला होता. थांबला होता ती जागा आणि मालकांची पाठ यांच्यात सात पावलं होती. मी नंतर चालून मोजलीत, एकदा नाही, पुष्कळदा.

हाक मारून उपयोग नव्हता. ज्याला ऐकू येतं त्याला माणूस लांबून सावध करू शकतं. मला चालत जावं लागलं. ऊस माझ्या उजव्या हाताला. एक पान हलत नव्हतं. मी पळाले नाही. जाता जाता मेथीतल्या एकेका पंजावर आणि शेवटी त्या दोन खोल पंजांवर पाय ठेवला आणि माती पुसून टाकली. मग मालकांच्या खांद्याला हात लावला.

त्यांनी वर बघितलं. "टिप्या घरी पळाला व्हय? दुधावर डोळा हाय त्याचा."

चहा माझ्या हातावर सांडला होता. चटका बसलेला घरी आल्यावर कळला.

पंजे मी का पुसले? मालक घाबरू नयेत म्हणून, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. त्यांना तिथं बसवलं मी, कुत्रं ओढत नेलं मी, आणि कशासाठी, तर मार्थानं नावं ठेवू नयेत म्हणून. ते कुणाला दिसू नये, एवढंच होतं. वनखात्याचा माणूस आला त्याला मी साडीवरचा पंजा दाखवला, खुंटीजवळचे दाखवले. त्यानं फोटो काढले. मग मालकांकडं बघून मला म्हणाला, "बाबांना खाली बसून काम करू देऊ नका. बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. तो उंची बघतो."

आता मेथी उभ्यानं कशी खुरपायची, हे त्यानं सांगितलं नाही.

पुढं पिंजरा लावला, त्यात शेळी बांधली. काही दिवसांनी शेजारच्या शिवारात एक बिबट्या सापडला. लोक मोबाईल घेऊन बघायला गेले. मी गेले नाही. तोच होता की दुसरा, ते पिंजऱ्यावर लिहिलेलं नसतं. ऊस तुटला, रान उघडं पडलं, आणि आठवड्यात ससे परत आले. मी वाफ्यात उभी होते. तिरके छाटलेले देठ बघितले. तिथंच खाली बसले. बसू नये हे लक्षात आलं तशी उठले.

सुगीच्या रविवारी मी पाटी नेली. ससे अजून पोचले नव्हते त्या ओळींतल्या, त्याच पहाटे उपटलेल्या जुड्या होत्या, हिरव्यागार, हात लावला तर करकरणाऱ्या. तशी मेथी मला त्याआधी कधी आली नव्हती, नंतरही नाही. मार्थानं एक जुडी उचलून नाकाला लावली.

"आता गं बया! शांता, ही घरचीच ना?"

मी म्हटलं, "न्हाई. बाजारातली हाय."

तिनं जुडी फिरवून बघितली. जुडीला सुंब नव्हता, केळीच्या सोपटानं बांधलेली होती, तिला सगळं दिसत होतं. पण तिनं विचारलं नाही. भांडणारी बाई असली तरी काही वेळा ती गप्प बसते, हे तिचं चांगलं.

त्यानंतर कुत्रं पाळलं नाही. साड्या अजून बांधते. पांढरी साडी धुतली, डाग राहिला, तीही बांधते. सगळे बांधतात म्हणून बांधते, पण आता खालची कड मातीत दाबत नाही. सशाला यायला जागा ठेवते. दया म्हणून नाही. ससा हा हरामखोर प्राणी आहे आणि माझी मेथी त्याच्यासाठी नाही. पण तो येऊन खाऊन गेला म्हणजे उसात त्याला भिण्यासारखं काही नव्हतं, आणि मालक दिवसभर वाफ्यात बसले तरी चालेल, एवढं मला कळतं. त्याच्याइतकं नेमकं मला दुसरं कुणी सांगत नाही.

शोभाला हे माहीत नाही, संगमनेरला नोकरीला असलेल्या माझ्या मुलालाही नाही. ती म्हणते, "आई, रोज शिव्या देता, त्यापेक्षा जाळीच मारून टाकू. ह्यांना सांगितलंय, संगमनेरहून रविवारी येताना घेऊन येतील. एक ससा येणार नाही."

"नको."

"अहो, पण का?"

"नको म्हटलं ना."

ती मालकांना खुणेनं सांगते, आईंचं डोकं फिरलंय. मालक मान हलवतात. ते त्यांना लगेच ऐकू येतं.

परवा गुरुवारी सकाळी मेथी खाल्लेली नव्हती.

मी एका ओळीच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून बघितलं. हरभऱ्याचे शेंडे बघितले, गाजराचा पाला बघितला. दव तसंच होतं, कुणाचं अंग लागून पुसलेलं नव्हतं. आदल्या दिवशीच्या लेंड्या होत्या, वाळलेल्या. मालक माझ्या आधीच येऊन अलीकडच्या टोकाला उकिडवे बसले होते, उसाकडं पाठ करून. ऊस यंदा अजून तुटलेला नाही, ऊसतोडीची टोळी यायची आहे.

मी चालत गेले. खांद्याला हात लावला.

"उठा. घरी चला."

"आत्ताच तर आलो."

"ससा आला न्हाई," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"मग बरं झालं की!"

मग मी त्यांना सांगितलं. तिथंच, ओरडून, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात. ससे तेव्हाही आले नव्हते. टिप्या येत नव्हता, मी ओढत आणला. पंजे तुमच्या पाठीमागं होते, सात पावलांवर, मी पुसले. सांगताना मी त्यांच्याकडं बघत नव्हते, उसाकडं बघत होते.

त्यांनी खुरप्याची माती बोटानं काढली. मग म्हणाले, "वास आला हुता."

"काय?"

"वास. वल्ल्या घोंगडीवानी. म्हनून मान वळवली न्हाई. वळलो आसतो तर तू च्या कुणाला पाजला आसता?"

खरं बोलले की मला मोकळं करायला बोलले, मला कळत नाही. सगळं आयुष्य मळीच्या वासात काढलेल्या माणसाला कसला वास येतो? ते गुडघ्यावर हात टेकून उठले, रेडिओ काखेत मारला आणि घराकडं निघाले.

मी त्यांच्या मागं चालले. पाठीला हात पोचेल एवढ्या अंतरावर.